‘समवयस्क’ की ‘समव्यवसायी’?

एच.आय.व्ही.-प्रतिबंधविषयक मराठी लेखनात ‘पिअर’ या संज्ञेस ‘समवयस्क’ हा प्रतिशब्द योजला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. सांगलीस १९९२ साली ‘संग्राम’ संस्थेने कार्य आरंभिले व त्यातून १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. तेथे निरोधवाटप व प्रबोधन वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच हाती घेतले. त्यांना जोडणारा दुवा वयाचा नव्हे, तर समान व्यवसायाचा व समान अवहेलनेचा होता.

मात्र परभणी जिल्ह्यातील आठवडी बाजारांत हा नमुना जसाच्या तसा उतरेल, असे मानणे धाडसाचे होय. जिंतूर वा गंगाखेडच्या बाजारात शेजारी पाल ठोकणारा विक्रेता सोबती असतो, तसाच प्रतिस्पर्धीही. त्यास आजाराची कुणकुण लागली, तर गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती असते. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने संमतीवाचून बाधितस्थिती उघड करण्यास सामान्यतः मनाई केली आहे. परंतु बाजारातील कुजबुजीस कायदा पुरा पडत नाही. म्हणून भाजीवाल्यास मार्गदर्शक भाजीवाला नसावा, बांगडीवाला चालेल. म्हणजे ‘समव्यवसायी’ हा शब्दही येथे अपुराच ठरतो. ज्याच्यापाशी गुपित सुरक्षित राहील तोच खरा ‘पिअर’. त्याची निवड याच कसोटीवर व्हावी, असे आमचे मत आहे.