हवेवरचा संसार

गाडीच्या स्प्रिंगचा विचार आपल्याकडे माणूस दोनदाच करतो. एकदा गाडीचा पाटा तुटतो तेव्हा, आणि एकदा स्वतःची कंबर तुटते तेव्हा. म्हणून मेलबर्नला पोचल्या पोचल्या आमच्या भाच्याने जेव्हा गंभीर चेहऱ्याने विचारलं, “मामा, एअर घेऊ की कॉइल?” तेव्हा मी प्रवासाच्या गुंगीतच सांगून टाकलं, “कॉइलच घे. नुसत्या वाऱ्यानं डास जात नाहीत.”

प्रश्न डासांचा नव्हता. त्याला अडीच टनांची कॅरॅव्हॅन ओढत मेलबर्नहून पर्थला जायचं होतं, आणि बरोबर आम्हां उभयतांनाही न्यायचं होतं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन. त्यात गॅस, फ्रीज, न्हाणीघर आणि जागा उरलीच तर माणसं. ती ओढायला तशीच दांडगी गाडी लागते. अशा दोन जुन्या गाड्या त्याने हेरून ठेवल्या होत्या. एकीखाली पोलादी कॉइल स्प्रिंगा, दुसरीखाली हवेचे रबरी फुगे. गाड्यांची नावं देत नाही. दोन्ही कंपन्या हयात आहेत आणि मी भित्रा आहे.

या विषयात माझा अधिकार काय, असं कोणी विचारील. चाळीस वर्षं मी एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून कोकणातले घाट काढले आहेत. गाण्याचे परीक्षक कान पणाला लावतात, मी कंबर लावली, एवढाच फरक.

पहिली परीक्षा रिकाम्या गाड्यांची झाली. कॉइलवाली गाडी गतिरोधक नुसता ओलांडत नसे, त्यावर भाष्य करी. तिचाही इलाज नसतो. ओझ्याखाली बसू नये इतकी कडक स्प्रिंग घातली, तर गाडी रिकामी असताना तो कडकपणा ती कोणावर काढणार? मागे बसलेल्या मामावर. बरं, मऊ घालावी तर ओझं आलं की फतकल मारते. फुग्यांना हा पेच नाही. वजन वाढलं की कॉम्प्रेसर आणखी हवा भरतो आणि फुगा त्या मानाने कडक होतो, त्यामुळे भरली गाडी आणि रिकामी गाडी जवळजवळ एकाच लयीत झुलतात. शिवनेरीने पुण्याला गेलेल्यांना हे सुख ठाऊक आहे. आमची सौ. पाचव्या मिनिटाला झोपली. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

मग कॅरॅव्हॅन जोडायची वेळ आली. पर्थच्या प्रवासाची रंगीत तालीम म्हणून ती आदल्या रात्रीच सामानसुमानासह भरून ठेवली होती. हवेच्या गाडीचं बटण दाबलं की ती मागून गुडघे टेकते. तिचा गोळा कॅरॅव्हॅनच्या दांडीखाली सरकवायचा आणि पुन्हा बटण दाबायचं, की ओझं घेऊनच उठते. अगदी उंटासारखी. (एके काळी या देशातल्या वाळवंटात ओझी वाहिली ती उंटांनीच.) कॉइलच्या गाडीला असले शिष्टाचार नाहीत. तिच्यावर ओझं टेकलं तशी ती मागून चार-पाच बोटं बसली आणि नाक वर करून उभी राहिली. दिवे रस्त्यावर पडायचे ते निलगिरीच्या शेंड्यांवर. हवेची गाडी मात्र क्षणभर दबली, तिच्या पोटात गुर्र झालं आणि ती पुन्हा जमिनीला समांतर. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पहिल्याच अंकाला टाळ्या वाजवणारा परीक्षक काय लायकीचा असतो, हे सांगायला नको.

दुसरा अंक पावसात झाला. हवेची गाडी नि मागे कॅरॅव्हॅन घेऊन आम्ही गावाबाहेर निघालो. एका ओल्या वळणावर भाच्याने स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी दोन क्षण सरळच गेली. समोरून ओंडके भरलेला ट्रक येत होता. पुढे बसलेल्या भाचेसुनेने मागे न पाहताच हात मागे टाकून पोरीचा पाय घट्ट धरला. मग गाडी वळली, ट्रक गेला. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. वायपर तेवढे बोलत होते.

संध्याकाळी शेजाऱ्याकडून गोळ्यावरचं वजन मोजायचा छोटा काटा आणला. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे अडीचशे किलो, गोळ्यावर असावा असा तिथला रिवाज. काटा म्हणाला, ३४०. वरच्या नव्वदांचा तपास कॅरॅव्हॅनच्या पुढच्या पेटीत लागला. सौ.ने तिथे संसार मांडला होता. पिठं, तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन आणि दगडी खलबत्ता.

“मामी, खलबत्ता कशाला?”

“मग पर्थपर्यंत मिक्सरची चटणी खाणार आहेस का रे?”

भाच्याने गणित मांडलं. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २८५ सेंटिमीटर, आणि गोळा मागच्या चाकांच्याही मागे १२० सेंटिमीटर. म्हणजे बागेतला सी-सॉच, टेकू मागच्या चाकांचा. मागे ३४० किलो दाबले की पुढच्या चाकांवरचे १४३ किलो उचलले जातात. सौ.चं आणि माझं वजन मिळून साधारण एवढंच भरतं. आणि गाडी वळवायची ती पुढच्या चाकांनी, ब्रेकचा मोठा भार घ्यायचा तोही त्यांनीच.

माझी तक्रार इथे सुरू होते. फुग्यांनी गाडीची पाठ वर उचलून धरली, म्हणून ते १४३ किलो पुढे परत येत नाहीत. गाडी सपाट दिसते, एवढंच. कॉइलच्या गाडीतही तेवढंच वजन उचललं जातं. पण ती बसते. नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त बसली, तर अंगणातल्या पोरालाही दिसतं. रद्दीवाल्याच्या काट्यातही स्प्रिंगच असते. जेवढं ओझं तेवढी ती ताणणार, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापला, आणि रद्दीवाले सोडले तर तो सहसा कोणी मोडत नाही. हवेचा फुगा म्हणजे घरातली थोरली वहिनी. कितीही पाहुणे येवोत, “छे हो, त्रास कसला!” आणि मग एक दिवस एकदम आडवी होते. रबराला बारीक चीर जाते, हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर रात्रंदिवस राबतो आणि जळतो. सकाळी पाहावं तर गाडी पोटावर बसलेली. कॉइल ही आत्याबाई. पहिल्या पाहुण्यालाच कण्हायला लागते, पण नव्वदीपर्यंत हिंडती-फिरती.

मोठ्या घराण्यांतही हे घडलं आहे. रेंज रोव्हर १९७० साली आली ती कॉइलवर. १९९२ मध्ये तिला हवा लागली. पुढे कित्येक मालकांनी फुगे काढून कॉइल बसवल्या. त्यासाठी तयार संच मिळतात.

तेव्हा माझा कौल कॉइलला. आज ओझं, उद्या रिकामी, आणि गॅरेज हाकेच्या अंतरावर, असा शहरी संसार असेल तर हवा खुशाल घ्यावी. कंबर दुवा देईल. पण पर्थच्या वाटेवर नलारबॉरचं पठार लागतं. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच मुळी ‘झाड नाही’ असा. सेडूनापासून नॉर्समनपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर. जिथे झाड नाही तिथे फुग्यांचा मिस्त्री कुठून असणार? कॉइलच्या पोटात बसवायचे छोटे फुगे मिळतात, टायरच्या पंपाने भरायचे. ते मला पसंत आहेत. गाडी आधी खरं बोलते, आपण खलबत्ता हलवतो, आणि मग उरलेल्यापुरती हवा.

भाच्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हवेची गाडी घेतली. परीक्षकांनी झोडपलेली नाटकंच हाउसफुल्ल जातात, त्यातली गत. मात्र काटाही विकत घेतला. संसार पुढच्या पेटीतून उचलून कॅरॅव्हॅनच्या चाकांवर आणला, कॅन रिकामे केले, आणि रोज सकाळी चहाच्या आधी गोळ्याचं वजन व्हायला लागलं. २५०च्या वर काटा गेला की मामींना बोलावणं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर ताजी फळं नि भाज्या पुढे नेऊ देत नाहीत. तिथे सौ.ची लिंबं आणि मिरच्या गेल्या, तेवढं वजन आणखी उतरलं.

त्या हद्दीनंतर बरंच पुढे कायगुना लागतं, आणि तिथून रस्ता १४६.६ किलोमीटर सरळ जातो, एकही वळण न घेता. या टप्प्यात गाडीची चाल कशी होती याविषयी मला परीक्षक म्हणून काही लिहिता येत नाही. सौ. म्हणते, झकास होती. माझा डोळा कायगुनाला लागला तो बलाडोनियाला उघडला.