खलनायक नुसताच हसतो

खलनायकाच्या तोंडी लेखकाने काही दिलं नसलं की तो हसतो. अलीकडच्या शिमग्यांत आमच्या दापोली तालुक्यात, आणि एरवी मुंबईकर मंडळांच्या ‘बहुरंगी नमना’ला, म्हणजे गण, गवळण आणि वग असलेल्या कोकणातल्या खेळाला, जाऊन जी वगनाट्यं पाहिली, त्यांत हा नियम मोडलेला मला दिसला नाही. आधी धूर सोडायचा, मग तांबडा दिवा, मग इको वाढवलेल्या माइकवरून ते विकट हास्य. हसून झालं की हा गृहस्थ आपलं नाव सांगतो, आपण किती क्रूर आहोत तेही सांगतो आणि ‘कोण आहे रे तिकडे’ म्हणून सेनापतीला बोलावतो. नायक येतो, टाळ्या घेतो, तलवारी खणखणतात, खलनायक पडतो. त्याला राज्य हवं होतं एवढं आपल्याला कळलेलं असतं. राज्य घेऊन तो काय करणार होता, कुणी त्याचं काय हिरावलं होतं, हे विचारायची सोय नाही. मधल्या जागा नाचांनी भरलेल्या असतात.

राग नटांचा नाही. खलनायक करणारा हाच गडी तासाभरापूर्वी गवळणीत पेंद्या झालेला असतो. मावशीने एक म्हणावं, याने दोन सुनवावेत. पुढे खुर्चीवर बसलेल्या सरपंचावर, मुंबईहून नवी गाडी घेऊन आलेल्या चाकरमान्यावर, तीन दिवसांतून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्यावर तो जागच्या जागी कोटी करतो आणि अख्खं खळं हसवतो. वग सुरू झाला, अंगावर काळा झगा चढला की त्याच माणसाची वाचा बसते. गवळणीत तो स्वतःचं बोलत असतो, वगात पाठ केलेलं. जाहिरातीवर ‘लेखक-दिग्दर्शक’ म्हणून फोटोसकट नाव छापून घेणाऱ्याने याचा जाब द्यायला हवा.

बाकीच्या प्रवाहांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऐतिहासिक वगनाट्यं म्हणजे जिरेटोप, घोषणा आणि एक दाढीवाला सरदार. व्यसनमुक्तीची वगनाट्यं अनुदानाच्या अर्जासारखी ऐकू येतात. जाखडीच्या शक्ती-तुरा सामन्यांत धार शिल्लक आहे, पण शाहीर सवालाला जवाब द्यायचं सोडून समोरच्याच्या घरादारावर घसरू लागलेत. अनेक कंपन्यांच्या कलावंतांनी मिळून केलेल्या संयुक्त दशावताराच्या जाहिरातीत कलावंतांच्या नावांपेक्षा ‘ट्रिकसीन’ हा शब्द मोठा असतो. ट्रिकसीन आला की सगळे मोबाइल वर धरतात, गेला की खाली ठेवतात. सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ चित्रपट २०२५ मध्ये आला. त्यातल्या दिलीप प्रभावळकरांच्या म्हाताऱ्या दशावतारी नटाला, बाबुली मेस्त्रीला, पाहून गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यासमोर उभी केलेली माणसं इतकी पातळ की त्या म्हाताऱ्याला झुंजायला तोलाचं कुणी मिळतच नाही.

हा धुरातला राक्षस आजचा नाही, हे जाणकारांना सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यानंतरच्या पौराणिक नाटकांतले राक्षस ‘अलल् डुर्र’ अशी आरोळी ठोकत, राळेचे भडके उडवत यायचे. पुढच्या सुशिक्षित पिढीने त्या सगळ्या नाटकांनाच ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं. पण भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचून करायची. आरोळी ही राक्षसाची वर्दी होती, भाषण पुढे होतं. आपण आरोळी तेवढी जपली आणि भाषण टाकून दिलं.

ते भाषण जिथे अजून जिवंत आहे ती जागा म्हणजे सिंधुदुर्गातला दशावतार. आमच्याकडे उत्तर रत्नागिरीत नमन-खेळे आणि जाखडी; दशावतार हा आम्हाला पाहुणा. पण पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर या दशावतारी कंपन्यांची नावं इथेही माहीत आहेत. कंपनी गावात पोचते, मंडळी रंगायला बसतात, तेव्हा कुठे आज कोणतं आख्यान लावायचं ते पक्कं होतं. राजपार्टी कोण, खलपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण, प्रवेशांचा क्रम काय, एवढं बोलून घेतात. बाकीचं सगळं त्या एका बाकड्यासमोर उभं राहून, पायपेटी आणि पखवाजाच्या साथीने, रात्रभर रचायचं. राजपार्टी करणाऱ्या सुधीर कलिंगणांना लोक ‘लोकराजा’ म्हणत. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा सगळं तळकोकण हळहळलं, आणि ते रास्तच होतं. पण राजाला लोकराजा करायला समोर तोडीस तोड खलपार्टी लागते, तिचे फलक कुणी लावत नाही.

तिकडच्या एका कंपनीचा वाली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाण लागल्यावर तो पडला आणि सरपटत बाकड्याला टेकून बसला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता, वालीने हात वर करून तो थांबवला. मग अगदी बसक्या आवाजात रामाला म्हणाला, ‘तुझं-माझं वैर काय होतं ते सांग. बायको तुझी रावणाने नेली. त्या रावणाला मी एकदा काखेत दाबून फिरवलाय. मला येऊन म्हणाला असतास तर संध्याकाळच्या आत सीता आणून दिली असती. तू माझ्याकडे आला नाहीस, सुग्रीवाकडे गेलास.’ रामाने भावाच्या बायकोचा विषय काढला, धर्म सांगितला, आणि वानर हे शाखामृग, मृगयेत आडून मारलं तर दोष नाही, असंही बोलून गेला. वालीला एवढंच हवं होतं. ‘एक काय ते ठरव. मी जनावर असेन तर मला धर्म शिकवू नकोस. आणि मला धर्म लागू असेल तर झाडाआडून बाण मारू नकोस.’

राम गप्प झाला. ते ठरलेलं नव्हतं. रंगाखाली त्या पोराला घाम फुटलेला पुढच्या रांगेतून दिसत होता. कुणी खोकलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने तो खाली बसला, धनुष्य बाजूला ठेवलं, वालीचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाला, ‘अंगदाला मी माझा म्हणतो.’ उत्तर नव्हतं ते. वालीचा मुद्दा तसाच उभा राहिला, आणि तरी त्या घडीला तो राम त्या रात्रीत सगळ्यात मोठा झाला. वालीने त्याला कोंडीत पकडलं नसतं तर त्याला खाली बसावं लागलं नसतं, आणि आम्ही नेहमीसारखे एका विजयी रामाला टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. किष्किंधाकांडात या वादाचं बीज आहेच, सगळंच नटाच्या पदरचं नव्हतं म्हणा. पण तो वाद खेळायचा की धुरात उडवायचा हे त्यालाच ठरवायचं होतं.

आमच्या मुरुडच्या अंगणात शिमग्याला येणारा संकासुर या वालीच्याच जातीचा. वेद पळवणारा दैत्य, विष्णूने मारलेला. दशावतारात आख्यानाच्या आधी तो मालवणीत देवाची खेचतो. आमच्याकडे खेळ्यांबरोबर दारात येतो: काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर मुखवटा, कमरेला वाजणारे घुंगूर. घुंगूर पाखाडीच्या टोकाला वाजले की पोरं आधी पडवीत पळतात आणि मग खांबाआडून त्याला चिडवतात. तो धावला की किंचाळत माजघरात. आजीबाई मात्र उठून त्याला हात जोडतात. देवाने ठार मारलेला राक्षस दरवर्षी दारी येतो, त्याला घाबरतात, चिडवतात आणि पायाही पडतात. एवढं गुंतागुंतीचं पात्र ज्यांच्या अंगणात नाचतं, त्यांच्याच रंगमंचावरचा खलनायक हा असा खुळखुळा कसा?

खलाला वाचा कशी द्यायची हे लांबूनही शिकता येतं. अमेरिकेतल्या नुरा कुस्त्यांची आपण टर उडवतो, पण आमच्या पोरांनी त्या मल्लांच्या ट्रम्प कार्डांवर शाळेतल्या मधल्या सुट्या घालवल्यात, आणि ती मूर्ख नव्हती. तिथे निकाल आधी ठरलेला असतो, आपल्या कंसवधासारखाच; बघायचं असतं ते मल्ल लोकांना कोणत्या बाजूला ओढतो ते. म्हणून तिथे आव्हानाच्या भाषणाला डावपेचाइतका मान. मल्लाचं सोंग घेऊन ही आव्हानं नुसती लिहिणारे हौशीही तिकडे आहेत, आणि त्यांच्यात कुस्ती कुणी मारली हे बहुधा लिखाण कुणाचं सरस यावर ठरतं. मार्च १९९७ मध्ये शिकागोजवळ ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन झुंजले. हार्ट सज्जन, ऑस्टिन शिवराळ खल. ऑस्टिन रक्तबंबाळ झाला, पेचात शुद्ध हरपली, पण हार मानली नाही. हार्ट जिंकला आणि पडलेल्याला मारतच राहिला. लोक आले तेव्हा ज्याच्यावर ओरडत होते, जाताना त्याचा जयजयकार करत गेले. एका कुस्तीत दोन्ही पात्रं उलटली. आमच्या वगनाट्यात रात्रभरात एकही पात्र उलटत नाही.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थने १९५७ च्या पुस्तकात कुस्तीच्या या तमाशावर लिहिताना एका पन्नाशीच्या थुलथुलीत मल्लाचं वर्णन केलंय, ज्याचा देह पाहताच हा नीच आहे हे कळतं. त्याच्या आखाड्यापुरतं ते खरं. आमच्या मांडावर देह पुरत नाही, इथे वाणी लागते.

मराठी नाटकाने हे पूर्वी ओळखलेलं होतं. खाडिलकरांचा ‘कीचकवध’ १९०७ चा. १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. लोकांना कीचकात कर्झन दिसत होता. सत्तेचा तो माज इतका हुबेहूब बोलला नसता तर भीमाला कुणी भ्यालं नसतं. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) तर नायकाचा पत्ताच नाही. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे पाच रूपांत येतो, कोर्टात आपलाच बचाव करतो, आणि प्रभाकर पणशीकरांच्या तोंडून तो ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकिटं काढत होते. ‘सामना’ चित्रपटात निळू फुल्यांचा हिंदुराव आवाज चढवायच्या भानगडीत फारसा पडत नाही. यांतल्या एकालाही धुराची गरज लागली नाही.

मग अडलंय कुठे? मंडळवाले म्हणतात, लोकांना हेच लागतं. लोकांना दुसरं दिलंय कधी? दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही: नायकाची भूमिका बहुधा मंडळ ज्याच्या जिवावर चालतं त्याची, नाहीतर त्याच्या पोराची असते. त्याला वादात हरणं परवडत नाही. म्हणून खलनायकाची वाक्यं तालमीत कापली जातात, उरतं ते हसू. दुसऱ्याचा मुद्दा सहन होत नाही अशा माणसाने राजपार्टी करू नये, त्याने निवडणुकीला उभं राहावं.

तिसरं कारण हल्ली फार ऐकू येतं: राक्षसाला चांगलं बोलायला दिलं तर भावना दुखावतील. कुणाच्या? दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य यावं म्हणून ओवाळणाऱ्या बायकांच्या? विष्णूने पाताळात घातलेल्या त्या असुरासाठी या मुलखात देवाकडेच मागणं मागतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त त्याच बळीला आपला राजा म्हटलं. वामन देव आणि बळी थोर, हे दोन्ही एका वेळी मनात ठेवता येणारे हे लोक आहेत. त्यांना दुसरी बाजू झेपणार नाही, ही लेखकाने स्वतःच्या आळसाला दिलेली सबब आहे. पणशीकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये औरंगजेब उभा केला, त्या औरंगजेबाला बुद्धी होती, दरारा होता. त्याने संभाजीराजे लहान झाले का?

माझं म्हणणं एकांगी आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. नमनाच्या नावाने सत्कार, शाली आणि ‘लोककलेचा वारसा’ या मथळ्याचे लेख भरपूर झाले, त्यांत भर घालायची मला इच्छा नाही. परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाल्यापासून मंडळं जागा नाही म्हणून रडतात, आणि ते रडणं खरं आहे. पण उद्या नवं दामोदर उभं राहिलं आणि त्यात हेच वगनाट्य लागलं, तर नव्या खुर्च्यांचा उपयोग काय?

गणपतीला चाकरमानी येतील, तेव्हा पुढच्या वगाची बोलणी सुरू होतील. लेखक मंडळींना एकच सांगणं आहे. खलनायकाचा प्रवेश आधी लिहा, आणि असा लिहा की त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापाशीही तयार नसेल. ते शोधायचं काम नायकाकडे सोपवा. त्यालाही नाही सापडलं, तर त्या वर्षी वग लावू नका. गण-गवळण करा आणि थांबा. लोक उठून जाणार नाहीत.