टाकलेला नमुना

भोसरी-चाकणकडील फाउंड्रींत एखादें कास्टिंग सदोष निघालें म्हणजे तें पुन्हां भट्टींत जातें. त्याचा शोक कोणी करीत नाहीं. जुन्या व्हिडिओ गेम्सचे अपुरे नमुने जमविणारी मंडळी मात्र नेमक्या अशाच टाकाऊ मालामागें हिंडत असतात. या नादास पोरखेळ म्हणून हंसण्यापूर्वीं सेगा कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग २’चें उदाहरण पाहावें. १९९२ सालीं विक्रीस आलेल्या या खेळांत ‘हिडन पॅलेस’ हें स्फटिकांनीं चमकणारें दालन नाहीं. पूर्वीच्या एका नमुन्यांत तें अर्धेंमुर्धें सांपडलें: वाट आहे, पण शेवट नाहीं. २०१३च्या मोबाइल आवृत्तींत तें पुरें होऊन परतलें. अपुऱ्या दालनाचे गुणदोष मोजणें अन्यायाचें होईल. परंतु कर्त्यानें काय गाळलें हें कळल्यावर जें राखलें त्याकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतों.

‘स्टार फॉक्स २’ तर १९९५च्या सुमारास जवळजवळ पुरा होऊनहि निन्टेन्डो कंपनीनें २०१७पर्यंत अडवून ठेविला. तोंवर रसिकांस चोरवाटेनें बाहेर आलेल्या कच्च्या प्रतींवरच भागवावें लागलें.

कर्त्याच्या संमतीवांचून त्याचें कच्चें काम पाहावें काय? आक्षेप खरा आहे. तथापि असे नमुने बहुधा एप्रॉम चिपवर असतात, आणि तींतील विद्युद्भार वर्षानुवर्षें ओसरत जातो. वेळींच नक्कल केली नाहीं तर पाहावयास कांहींच उरत नाहीं. कित्येक संग्राहक मात्र किंमत घटेल या भीतीनें नक्कल काढूं देत नाहींत. त्यांचा आम्हांस राग येतो.