लेसरची रेघ आणि खेळाडूची नजर

बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूल खेळणाऱ्यांसाठी लेसर लावलेला क्यू, किंवा नेहमीच्या क्यूवर बसवायचा छोटा लेसर मिळतो. क्यूचे टोक जिकडे असेल तिकडे टेबलाच्या कापडावर एक प्रकाशरेघ उमटते. या रेघेने मारा, नेम सुधारेल, असा या साधनामागचा दावा. तो तपासून पाहावा असे आम्हाला वाटते. कारण त्यात भौतिकशास्त्राचा एक चांगला पाठ आहे आणि शिक्षकांसमोरचा एक जुना प्रश्नही.

प्रथम जमेची बाजू. लेसरचा झोत फारसा पसरत नाही. वाटेत दंडगोलाकार भिंग ठेवले की तो एकाच प्रतलात पसरतो आणि हे प्रतल कापडाला जेथे छेदते तेथे सरळ रेघ दिसते. सरळपणाला या खेळात किती महत्त्व आहे ते आकड्यांनी पाहू. स्नूकरच्या चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. पांढरा आणि लाल चेंडू यांच्या केंद्रांमधील अंतर १.०५ मीटर, म्हणजे व्यासाच्या २० पट आहे असे धरू. लाल चेंडू अगदी समोर ढकलायचा आहे, पण पांढऱ्याची दिशा अर्ध्या अंशाने चुकली. अर्ध्या अंशाची साइन ०.००८७३. तिला २० ने गुणले की सुमारे ०.१७५ येते आणि ही साधारण १० अंशांची साइन आहे. त्यातून मूळचा अर्धा अंश वजा केला की लाल चेंडू साडेनऊ अंशांनी भरकटतो. चूक १९ पट वाढली! तेव्हा नेमाची चूक डोळ्यांना दाखवणारे साधन टाकाऊ म्हणता येणार नाही.

पण ही रेघ नेमके काय दाखवते? फक्त क्यूची दिशा. ती दिशा कोणती असावी हे ती सांगत नाही. लाल चेंडू खिशात जायचा, तर स्पर्शाच्या क्षणी दोन्ही चेंडूंची केंद्रे खिशाकडे जाणाऱ्या रेषेवर हवीत. म्हणजे पांढऱ्याचे केंद्र लालच्या केंद्रामागे, बरोबर एक व्यास अंतरावर यायला हवे. त्या जागी कोणताच चेंडू नसतो. खेळाडूला तो कल्पनेने पाहावा लागतो. खेळातली खरी भूमिती येथे आहे आणि नेमकी तीच या साधनाच्या बाहेर राहते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चेंडूच्या मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे ठोका दिला की चेंडू क्यूच्या रेषेत निघतच नाही. तो ठोक्याच्या विरुद्ध बाजूला किंचित सरकून निघतो. क्यू तिरपा असेल तर पुढे त्याचा मार्ग वळतोही. शिवाय चेंडू एकमेकांना घासतात, त्यामुळे लाल चेंडू केंद्ररेषेपासून थोडा ढळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस याने बिलियर्ड्सच्या गणितावर १८३५ साली एक ग्रंथच लिहिला. चेंडू कापडावर घसरत असतो तोवर त्याचा मार्ग पॅराबोलाच्या आकाराचा असू शकतो आणि गडगडू लागल्यावर तो सरळ जातो, हे त्याने दाखवले. लेसरच्या सरळ रेघेत हे काहीच उमटत नाही. रेघेवर विसंबणारा खेळाडू ठोका चुकल्यावर गोंधळून जाईल, कारण त्याच्या मते नेम तर बरोबर होता.

आता शिकण्याचा प्रश्न. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली कौशल्य शिकण्याविषयीच्या प्रयोगांचा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून माहिती पुरवली तर सराव चांगला होतो. पण शिकणारा त्या आधारावर विसंबू लागतो आणि आधार काढला की कामगिरी घसरू शकते, असा त्यांचा विचार होता. सामन्यात तर रेघ नसतेच. म्हणून सरावातले यश म्हणजे शिकणे, असे समजणे धोक्याचे आहे. फळ्यावर सोडवलेले उदाहरण वहीत उतरवणाऱ्या मुलाला ते 'आले' असे आपण मानतो, तेव्हा हीच गल्लत होते.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पहिला लेसर त्यानंतर, १९६० साली, पेटला. यावरून लेसर निरुपयोगी ठरत नाही. मात्र नजर त्याच्यावाचून घडू शकते, एवढे नक्की.

आमच्या मते या साधनाचा क्रम उलटा हवा. आधी लेसर बंद ठेवून नेम धरावा, मग तो लावून चूक किती ते पाहावे, पुन्हा बंद करून ठोका मारावा. अधूनमधून रेघ चालू ठेवून क्यू मागेपुढे न्यावा, म्हणजे हात कोठे हलतो ते कळेल. लेसर डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मात्र घ्यावी. वर्गात तो मुलांच्या हाती न देणेच बरे.

शाळेत हा प्रयोग लेसरशिवाय, कॅरमवर करता येईल. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने खडूच्या रेघेवरून वीस वेळा सोंगटी मारावी. दुसऱ्याने रेघेविना मारावी आणि नेम किती चुकला ते नंतर पट्टीने मोजावे. दुसऱ्या दिवशी रेघ पुसून दोन्ही गटांची परीक्षा घ्यावी. निकाल काहीही लागो, मुलांना तो आधी ओळखायला सांगावा.