मोटारीपुढचे बैल : एका दाखल्याची तपासणी

पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी मोटार निसरड्या रस्त्यावर सरळ का राहते, या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर वर्गात, गॅरेजात आणि मोटारींवरच्या लोकप्रिय लेखांतही ऐकू येते. ते असे : बैल बंडीच्या पुढे जुंपतात, मागे नाही. पुढून ओढलेली बंडी मुकाट्याने मागे येते. मागून ढकलली तर वाकडीतिकडी जाते. पुढची चाके मोटारीला ओढतात म्हणून ती सरळ जाते आणि मागची चाके ढकलतात ती मोटार वळणावर फिरते. वर्धा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला बंडी आणि पांदण दोन्ही ठाऊक असल्याने हा दाखला त्याला लगेच पटतो. अडचण अशी की या दाखल्यातला निष्कर्ष बराचसा बरोबर असला तरी त्याला दिलेले कारण चुकीचे आहे.

कारण चुकले तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. या कारणातून निघणारा पुढचा सल्ला तपासला की उत्तर मिळते. 'गाडी ओढली जाते, म्हणून वळणावर घसरू लागली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा,' असे नवशिक्या चालकाला सांगितले जाते. पावसाळ्यात शेतातली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते आणि वळणावर तिचा चिखल होतो. तेथे हा सल्ला मोटारीला सरळ नालीत नेऊ शकतो.

आधी बंडी पाहू. बैलांचे पाय जमिनीवर असतात आणि कोणत्या दिशेने जायचे ते बैल, किंवा त्यांना हाकणारा, ठरवतो. बंडी थोडी तिरकी झाली तरी बैल रस्त्याच्याच दिशेने चालत राहतात. म्हणजे ओढणाऱ्या बलाची दिशा रस्त्याशी बांधलेली असते, बंडीशी नव्हे. बंडी तिरकी झाली की हे बल तिच्या गुरुत्वमध्यातून न जाता बाजूने जाते, त्याचे आघूर्ण निर्माण होते आणि बंडी पुन्हा सरळ होते. तान्ह्या पोळ्यातल्या चाकांच्या लाकडी बैलाला दोरी बांधून ओढताना हेच घडते. दोरीचे टोक मुलाच्या हातात, म्हणजे बैलाच्या बाहेर असते.

मोटारीत मात्र ओढणारी चाके मोटारीलाच जोडलेली आहेत. स्टीअरिंग सरळ धरले असताना मोटार दहा अंशांनी तिरकी झाली, तर चाकेही दहा अंशांनी तिरकी होतात आणि ओढणारे बलही तेवढेच वळते. ते बल अजूनही गुरुत्वमध्याच्याच रेषेतून जाते. त्याचे आघूर्ण शून्य आहे, मग मोटार सरळ कोण करणार? बल पुढे लावले की मागे, याने येथे काहीच फरक पडत नाही.

हा गैरसमज लहानसहान माणसांचा नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनाचे पहिले अग्निबाण उडवले, तेव्हा त्याचे इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. वरून ओढले तर अग्निबाण सरळ राहील अशी कल्पना होती. पुढे त्यांनी इंजिन तळाशी नेले. बल वस्तूबरोबरच वळत असेल तर ते कोठे लावले यावर स्थिरता अवलंबून नसते.

मग पुढच्या चाकांची मोटार स्थिर असते हे खोटे का? खोटे नाही. तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना फिरवणारी सगळी यंत्रणा पुढे एकवटलेली असते. अशा छोट्या मोटारीचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या चाकांवर पडतो. दोन आसांतले अंतर अडीच मीटर धरले, तर गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून एक मीटरवर आणि मागच्या आसापासून दीड मीटरवर येतो. मोटार जराशी तिरकी झाली की चारही टायर बाजूने लागणाऱ्या बलाने विरोध करतात. मागच्या टायरांना तरफेची भुजा लांब मिळते, म्हणून मोटार सरळ होते. बाणाची पिसे मागे असतात त्याचे कारण हेच. बैलाऐवजी बाणाचा दाखला दिला असता तर हा सगळा घोळ टळला असता.

दुसरे कारण घर्षणाच्या हिशेबात आहे. ते समजण्यासाठी आपल्या शाळेतले घर्षण थोडे अपुरे पडते. टेबलावरचा ठोकळा, त्याला जोडलेला तराजू आणि एक बाण, एवढ्यावर तो धडा संपतो. ठोकळा एका बिंदूसारखा मानला की बल कोठे लागते हा प्रश्नच उरत नाही, आणि एकच टायर एकाच वेळी दोन दिशांना घर्षण पुरवत असतो ही गोष्टही सुटते. टायरजवळचे घर्षण ही एक ठरलेली शिल्लक आहे. पुढे ओढण्यासाठी जेवढी खर्च कराल, तेवढी वळण्यासाठी कमी उरते, आणि हा हिशेब साध्या वजाबाकीचा नसून पायथागोरसचा आहे.

१००० किलो वस्तुमानाची मोटार घ्या. पुढच्या चाकांवर ६०० किलोचा भार आहे. सैल खडीच्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ आणि गुरुत्व त्वरण १० धरू. पुढच्या दोन टायरांची मिळून शिल्लक ३००० न्यूटन झाली. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून त्यातले १८०० न्यूटन पुढे ओढण्यात घातले, तर बाजूच्या बलासाठी २४०० न्यूटन उरतात, कारण १८००, २४०० आणि ३००० हा ३, ४, ५ चाच त्रिकोण आहे. आता ४० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेल्या मोटारीची पुढची चाके ताशी सुमारे ५१ किलोमीटरपर्यंत रस्ता धरतील. दाबलेल्या मोटारीची ४५.५ च्या पुढे धरणार नाहीत. त्यापलीकडे स्टीअरिंग कितीही फिरवले तरी मोटारीचे नाक वळणाबाहेरच जाते. (वेग बदलताना भार पुढेमागे सरकतो, तो येथे सोडून दिला आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी तो धरून पाहावा.) मागच्या चाकांच्या मोटारीत हीच उधळपट्टी मागच्या टायरांची होते आणि तिची शेपूट बाहेर जाते. पुढच्या चाकांच्या मोटारीचा दोष नाकाचा आहे, शेपटीचा नाही. सामान्य चालकाला नाक बाहेर जाणे सावरायला त्यातल्या त्यात सोपे, कारण पाय उचलताच काही घर्षण परत मिळते. पाय एकदम उचलला तर मात्र भार पुढे जाऊन मागची चाके हलकी होतात आणि शेपूट फिरू शकते.

रॅलीच्या मोटारींकडे वळण्याचे कारण येथे येते. रॅली म्हणजे वेगवान मोटारींची जत्रा, अशी आपल्या वर्तमानपत्रांची समजूत दिसते. बातमीत अश्वशक्ती आणि धाडस याखेरीज काही नसते. खरे तर खडी, माती आणि चिखल यांवर घर्षणाचा हिशेब जमवण्याचे ते उघड्यावरचे प्रयोग आहेत. साब ९६ ही पुढच्या चाकांची छोटी मोटार घेऊन एरिक कार्लसन यांनी १९६२ आणि १९६३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये तीच रॅली मिनी कूपरने जिंकली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांची मोटार घरोघरी पोचली. त्याआधीच्या अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी या दोन्ही मागच्या चाकांच्या होत्या. पुण्याजवळ चाकणला २००९ ते २०२२ या काळात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो भारतीय रॅलींमध्ये भरपूर धावली. तीही पुढच्या चाकांचीच.

ओढल्यामुळेच मोटार हवी तशी जात असती, तर या मंडळींनी नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता. ते काय करतात ते पाहा. मागची स्प्रिंग आणि अँटी-रोल बार पुढच्या मानाने कडक ठेवतात. त्यामुळे वळणावर भाराची बाजूची सरकासरक मागच्या आसावर जास्त होते, मागच्या टायरांची पकड थोडी घटते आणि नाक आत वळते. कधी कधी आतले मागचे चाक उचललेलेही दिसते. म्हणजे बाणाची पिसे जाणूनबुजून छाटायची. दुसरी युक्ती डाव्या पायाने ब्रेक दाबण्याची. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असताना डाव्याने ब्रेक दाबला, तर पुढच्या चाकांवर इंजिन आणि ब्रेक एकमेकांना बरेचसे छेद देतात आणि ब्रेकचा परिणाम मुख्यतः मागच्या चाकांवर उरतो. मागच्या टायरांची शिल्लक ब्रेकमध्ये गेली की शेपूट हलते आणि मोटार वळते. डांबरी रस्त्यावर हे करून पाहण्याची गोष्ट नाही, हे सांगायला नकोच.

व्हील अलाइनमेंटमध्येही हाच विचार आहे. पुढची चाके वरून पाहिली असता पुढच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. ओढणारे बल चाकाच्या मध्यातून लागते आणि चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष त्याच्या आतल्या बाजूला असतो. म्हणून इंजिन ओढू लागले की दोन्ही चाके आत वळू पाहतात आणि रबरी बुश जेवढे दबतील तेवढी वळतात. त्याची भरपाई म्हणून पुढच्या चाकांच्या मोटारीत उभे असताना शून्याच्या आसपास किंवा किंचित टो-आउट ठेवण्याची रीत आहे. रॅलीत तो थोडा वाढवतात, मोटार वळणात चटकन शिरावी म्हणून. याची किंमत टायर मोजतात. चाक एक अंशाने तिरके असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासले जाते. चौदा इंची रिमवर हा एक अंश म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. कॅम्बरबद्दल थोडक्यात सांगायचे तर डांबरावरच्या रॅलीत चाकांचा वरचा भाग आत जास्त कलवतात, खडीवर कमी.

आता कॅस्टर. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष मागे झुकलेला असतो. त्यामुळे तो जमिनीला टायरच्या स्पर्शबिंदूच्या पुढे टेकतो आणि स्पर्शबिंदू त्याच्यामागे फरफटत येतो. मोटार तिरकी झाली तरी मोकळे सोडलेले पुढचे चाक म्हणूनच प्रवासाच्या दिशेला वळू पाहते. घसरणाऱ्या मोटारीत रॅलीचालक स्टीअरिंग रस्त्याच्या दिशेला धरतो आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, तेव्हाही हेच होते. मोटारीचे धूड कसेही असो, चाके रस्त्याकडे पाहत असतात आणि तिकडे ओढतात. येथे बंडीचा दाखला अचानक खरा ठरतो, कारण आता बलाची दिशा पुन्हा रस्त्याशी बांधली गेली. बैल होता, पण तो इंजिनात नव्हता. थोडा कॅस्टरच्या कोनात होता आणि बाकीचा चालकाच्या हातात. म्हणून हा दाखला टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. 'पुढून ओढतो' याऐवजी 'आपली दिशा सोडत नाही' हा बैलाचा गुण त्यात पुढे आणावा.

वर्गात करण्यासाठी एक प्रयोग पुरेसा आहे. चारही चाके मोकळी फिरणारी, वजनदार खेळण्यातली मोटार आणि मीटरभर गुळगुळीत फळी घ्या. पुढची दोन चाके चिकटपट्टीने जखडा आणि फळी उतरती करून मोटार सोडा. ती सरळ घसरत खाली येईल. मग मागची दोन जखडून सोडा. ती गरकन फिरून शेपूट पुढे करून येईल. दोन्ही वेळा मोटारीला खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण तेच आहे, फरक फक्त कोणत्या टायरांची बाजूची पकड गेली याचा. प्रयोगाआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घ्यावेत. बहुतेकांचे उलटे येतात. जमल्यास गावातल्या अलाइनमेंटच्या दुकानातून एखादी छापील पट्टी मागून आणावी. तिच्यावर टो, कॅम्बर आणि कॅस्टर तिन्हींचे आकडे असतात, पण बहुतेक छोट्या मोटारींत त्यातला पुढच्या चाकांचा टो तेवढाच दुकानदाराला बदलता येतो. बाकीचे दोन का छापतात आणि ते बिघडले तर मोटारीचे काय वाकले असावे, हा प्रश्न दहावीच्या वर्गाला घालून पाहावा.