अमरज्योती

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा हिंदी चित्रपट (१९३६). दिग्दर्शन व्ही. शांताराम (१९०१–९०) यांचे, कथा के. नारायण काळे यांची व संगीत मास्टर कृष्णराव यांचे. समुद्रावरील चाचेगिरी, तलवारबाजी आणि सूड अशा साहसपटाच्या सामग्रीतून स्त्रीच्या हक्काचा प्रश्न मांडणारी ही कृती मूकपटोत्तर काळातील साहसपटांत वेगळी ठरते.

पत्नी ही पतीची दासी होय, या न्यायाने सौदामिनीला (दुर्गा खोटे) स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. तेव्हा ती बंड करून चाच्यांची नायिका होते आणि राज्याचे जहाज पकडून न्यायमंत्री दुर्जय (चंद्रमोहन) याला बंदी करून त्याचा पाय तोडविते. त्याच जहाजावरील राजकन्या नंदिनी (शांता आपटे) ज्या तरुण मेंढपाळाच्या प्रेमात पडते, तो सौदामिनीचा हरवलेला पुत्र सुधीर निघतो. अखेरीस सौदामिनी पकडली जाते व बंडाचा वारसा रेखाकडे (वासंती) जातो.

शस्त्रधारी नायिका त्या काळी अपरिचित नव्हती. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा होमी वाडिया-दिग्दर्शित हंटरवाली (१९३५) त्यापूर्वीच गाजला होता आणि नादिया ही स्टंटपटांची सम्राज्ञी ठरली होती. मात्र तेथे झुंज हीच करमणूक असून दुष्टांचे निर्दालन होताच राज्यव्यवस्था पूर्ववत मान्य होते. अमरज्योतीत प्रत्येक प्रहारामागे कायद्याशी चाललेला वाद आहे. दुर्जयचा पाय तोडण्याचा प्रसंग म्हणूनच केवळ थरारक राहत नाही. न्यायाची भाषा बोलणाऱ्याला अन्यायाची शारीरिक प्रचीती तो देतो. दुर्गा खोटे यांनी प्रभातच्याच अयोध्येचा राजा (१९३२) मध्ये पतिव्रता तारामती रंगविली होती. तीच अभिनेत्री येथे पतीचा अधिकार झुगारते, हा विरोध तत्कालीन प्रेक्षकाला जाणवल्यावाचून राहिला नसेल. चंद्रमोहन यांच्या भेदक डोळ्यांचा उपयोग शांताराम यांनी अमृतमंथनाप्रमाणे (१९३४) येथेही परिणामकारकपणे केला आहे. सागरापासून दूर असलेल्या पुण्यात जहाजावरील जीवनाचा आभास उभारणे, ही कंपनीच्या कलाविभागाची कसोटीच होती.

चित्रपटाचे वैगुण्य उत्तरार्धात आहे. पुत्राची ओळख पटताच सौदामिनीतील बंडखोर मागे सरून माता पुढे येते, आणि नंदिनी-सुधीर यांच्या प्रेमकथेत मूळ वाद पातळ होतो. शांता आपटे यांची गाणी गोड असली, तरी ती संघर्षाची गती थांबवितात.

व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात १९३६ मध्ये तो दाखविण्यात आला. परंतु पुढल्याच वर्षी संत तुकारामला तेथे लाभलेल्या सन्मानामुळे आणि कुंकू (१९३७), माणूस (१९३९) यांच्या कीर्तीमुळे अमरज्योती मागे पडला. पुष्कळ समीक्षकांनी तो भपकेदार वेशभूषापटांत जमा केला. हे वर्गीकरण अपुरे आहे. कुंकूमधील नीरेचा जरठ पतीला दिलेला नकार सौदामिनीच्या बंडाला फार दूरचा नाही. फरक एवढाच, की तो एका मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत घडतो आणि त्याला तलवार लागत नाही.