चटईक्षेत्राचे बक्षीस आणि तापलेली भिंत

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी 'इको निवास संहिता' जाहीर केली. राहत्या इमारतींच्या भिंती, खिडक्या व छप्पर यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालणारी ही आपल्याकडील पहिली राष्ट्रीय संहिता. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्राची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई व काही क्षेत्रे वगळता ती राज्यभर चालते. 'हरित' इमारत बांधणाऱ्यास तीत बक्षीस आहे: 'ग्रिहा' पद्धतीचे तीन, चार किंवा पाच तारे (अथवा समकक्ष दर्जा) मिळाल्यास मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के जादा बांधकाम. संहिता विज्ञानाच्या भाषेत बोलते, नियमावली व्यापाराच्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की बक्षीस नेमके कशाचे मिळते, हा प्रश्न पडतो.

आधी विज्ञान पाहू. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या हवेच्या तापमानात १ अंश फरक असताना तिच्या १ चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता जाते, ते त्या भिंतीचे यू-मूल्य. गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे २ असते. २०० मिलिमीटर जाडीच्या हलक्या, सच्छिद्र एएसी ठोकळ्यांच्या भिंतीचे ०.८ च्या आसपास. आणि हल्लीच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून जी सलग काँक्रीटची भिंत ओततात (बांधकामावरची मंडळी तिला 'मिवान' म्हणतात), तिचे सुमारे ३.५. आता १० चौरस मीटरची पश्चिमेची भिंत आणि १० अंशांचा फरक घ्या. विटांतून २०० वॅट येतील, ठोकळ्यांतून ८०, काँक्रीटमधून ३५०. मुलांना हा गुणाकार सहज करता येईल. प्रत्यक्षात काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री, नेमकी झोपेच्या वेळी, ती आत सोडते. हे या साध्या गुणाकारात येत नाही.

संहितेने या साऱ्याला एक आकडा दिला आहे. भिंतीतून झिरपणारी, काचेतून झिरपणारी आणि काचेतून उन्हाच्या रूपाने थेट येणारी, अशा तिन्ही वाटांची उष्णता मिळून बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी (थंड हवामानाच्या प्रदेशासाठी नियम वेगळा आहे). छज्जा पुढे आणला की हा आकडा घटतो, पश्चिमेला मोठी काच लावली की वाढतो. छपराला वेगळी मर्यादा, यू-मूल्य १.२, पण बारा मजल्यांच्या इमारतीत छपराचा ताप एकाच मजल्याला, म्हणून भिंत व खिडकी हाच खरा विषय.

खिडकीचा नियम मला सर्वांत आवडला. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत, घराच्या चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के इतके क्षेत्र बाहेरच्या हवेला प्रत्यक्ष उघडता आले पाहिजे. म्हणजे ६० चौरस मीटरच्या सदनिकेला १० चौरस मीटर. यात बाल्कनीचे दार धरता येते. 'प्रत्यक्ष' हा शब्द महत्त्वाचा, कारण दोन झडपांची सरकती खिडकी फार तर अर्धीच उघडते. मोजपट्टी घेऊन कोणत्याही विद्यार्थ्याने आपले घर तपासावे. निकाल बहुधा निराश करील.

आता बक्षिसाकडे येऊ. २००० चौरस मीटरचा भूखंड, मूळ निर्देशांक १.१, म्हणजे २२०० चौरस मीटर बांधकाम. पाच ताऱ्यांना त्यावर ७ टक्के, म्हणजे १५४ चौरस मीटर मिळतात: जवळपास दोन सदनिका. विक्रीचा भाव चौरस मीटरला सत्तर हजार धरला तर एक कोटीहून अधिक रुपये. सरकारच्या तिजोरीतून मात्र एक पैसा जात नाही, आणि या योजनेची लोकप्रियता यातच आहे. प्रत्यक्षात किंमत शहर देते: जादा माणसांचे पाणी, मैला, वाहने, आणि जादा बांधकामाचे सिमेंट व पोलाद. ऊर्जा वाचवल्याबद्दल ऊर्जा खाणारी वस्तू बक्षीस द्यावी, ही गोष्ट मला तरी पटत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. भिंत निवडतो विकासक, विजेचे बिल भरतो रहिवासी. ही फारकत भरून काढणे हाच प्रोत्साहनाचा हेतू असायला हवा. विकासकाला आधी काहीतरी मिळाल्याशिवाय तो जादा खर्च करणार नाही, हे मान्य. पण त्याचा हिशेब भोगवटा प्रमाणपत्रापाशी संपतो; घराचा हिशेब तिथून पुढे साठ वर्षे चालतो. शिवाय ताऱ्यांचे गुण पाणी, कचरा, जागा, साहित्य, ऊर्जा अशा अनेक खात्यांतून जमतात, त्यामुळे एकाच दर्जाच्या दोन इमारतींच्या भिंती सारख्या असतीलच असे नाही. पुणे महापालिकेने सौर बंब, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देण्याची जी पद्धत चालवली, तिचा निदान पत्ता तरी बरोबर आहे: ती दरवर्षी घरमालकाकडे जाते. भिंतीला मात्र तीत जागा नाही.

जर्मनीचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील सरकारी केएफडब्ल्यू बँक नव्या घरांना स्वस्त कर्ज व अनुदान देताना 'कार्यक्षम घर ५५' असा दर्जा मानत असे. नमुना इमारतीला लागणाऱ्या प्राथमिक ऊर्जेच्या ५५ टक्क्यांतच भागणारे घर. कालांतराने बाजारात तोच सर्वसाधारण दर्जा झाला, तरी अनुदान चालूच. जानेवारी २०२२ अखेर ते बंद होणार म्हटल्यावर अर्जांचा लोंढा आला आणि २४ जानेवारीला सरकारने योजना एकाएकी थांबवली. जे तसेही बांधले गेले असते त्यासाठी पैसे मोजले गेले, ही टीका तेथे झाली. बक्षिसाची पातळी वेळोवेळी वर न्यावी लागते. आपल्याकडील ३, ५, ७ टक्क्यांमागे असे वेळापत्रक नियमातच बांधलेले दिसत नाही.

मग बक्षीस बिलातल्या बचतीवरच का देऊ नये? शहरातील कित्येक घरांत वातानुकूलन यंत्रच नाही. तिथे वाईट भिंतीचा तोटा मीटरवर उमटत नाही. तो रात्रीच्या घामात आणि तान्ह्या मुलाच्या किरकिरीत असतो. पुनर्वसनाच्या दाटीवाटीच्या इमारतींत राहणाऱ्यांची बचत मोजायला गेलो तर शून्य येईल. अशा घरांसाठी १५ वॅटची आणि उघडत्या खिडकीची अट हा बक्षिसाचा विषय नव्हे, ती बांधकाम परवानगीचीच अट हवी. केंद्राने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त करून मोठ्या वीजजोडभाराच्या, म्हणजे १०० किलोवॅट वा अधिक, निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणल्या. पण नकाशा मंजूर करणारा अभियंता स्थानिक नियमावली पाहतो, आणि तेथे आज छज्जाची लांबी तपासताना त्याच्यासमोर प्रश्न असतो तो सामासिक अंतराचा, उन्हाचा नव्हे.